एएस/४०० वर डीबीटू: टेबल बनवण्याआधीचे निर्णय आणि नंतरची देखभाल

हिरवापडदा (धागाकर्ता)

ओरॅकल किंवा मायएसक्यूएलवर काम केलेला माणूस आयबीएम आय वर (म्हणजे आयबीएमच्या जुन्या एएस/४०० च्या आजच्या रूपावर) आला की आधी डेटाबेस कुठे इन्स्टॉल केलाय ते शोधत बसतो. इथे तो, म्हणजे डीबीटू, वेगळा नसतोच. १९७८ मध्ये जाहीर झालेल्या सिस्टिम/३८ पासून रिलेशनल डेटाबेस ऑपरेटिंग सिस्टिमच्या पोटातच आहे. जून १९८८ च्या एएस/४०० ने तेच पुढे नेलं. नंतर नावं बदलली, आयसिरीज झालं, सिस्टिम आय झालं, २००८ पासून आयबीएम आय झालं, पण ही रचना तशीच राहिली. त्यामुळे डेटाबेस शिकायचा म्हणजे लायब्ररी, फाइल, जर्नल आणि लॉक ही चार ऑब्जेक्ट-प्रकरणं शिकायची. लायब्ररी म्हणजे स्कीमा, फिजिकल फाइल म्हणजे टेबल, कीवाली लॉजिकल फाइल म्हणजे साधारण इंडेक्स आणि व्ह्यू एकत्र. जर्नल म्हणजे टेबलातल्या बदलांची नोंदवही, आणि त्या नोंदी ज्यात साठतात तो रिसीव्हर.

माझं ठाम मत असं की इथे टेबल बनवणं पाच मिनिटांचं काम आहे, पण बनवताना घेतलेले काही निर्णय पुढची वीस वर्षं पुरतात. आरपीजी आणि कोबॉल या इथल्या जुन्या भाषांतले प्रोग्रॅम कंपाइल होताना फाइलची रचना आपल्या आत घेऊन ठेवतात, म्हणून नंतरचा बदल महाग पडतो. धागा त्या निर्णयांबद्दल आहे. (कमांड उच्चाराप्रमाणे लिहितोय, टंकताना इंग्रजीत टंका.)

पहिला निर्णय: डीडीएस (फाइलची रचना लिहिण्याची इथली जुनी पद्धत) की एसक्यूएल? नवं टेबल एसक्यूएलनेच बनवा. कारण फॅशन नाही. डीडीएसच्या फिजिकल फाइलमध्ये डेटा वाचताना तपासला जातो, एसक्यूएल टेबलमध्ये लिहिताना. सीपीवायएफ या कॉपीच्या कमांडला एफएमटीओपीटी(*नोचेक) लावून कोणी पॅक्ड (एका बाइटात दोन अंक असे साठवलेल्या) आकड्याच्या जागी कोऱ्या जागा भरल्या, तर डीडीएस फाइल त्या निमूट घेते आणि महिनाअखेरीच्या रिपोर्टला एमसीएच१२०२, डेसिमल डेटा एरर, येते. चूक करणारा प्रोग्रॅम तोवर कधीच संपलेला असतो. डीडीएस वाचता मात्र आलंच पाहिजे, कारण चालू सिस्टिममधल्या बहुतेक फाइल्स त्यातच आहेत.

दुसरा निर्णय: नावं. एसक्यूएल नाव १२८ अक्षरांपर्यंत चालतं, पण सिस्टिमचं नाव १० अक्षरांचंच. तुम्ही ते दिलं नाही तर सिस्टिम पहिली पाच अक्षरं घेऊन पुढे आकडा लावते. कस्टमर_मास्टर आणि कस्टमर_ॲड्रेस अनुक्रमे कस्टो००००१ आणि कस्टो००००२ होतात. टेस्टवर आधी ॲड्रेस बनवलं असेल तर तिथे आकडे उलटे! म्हणून:

क्रिएट टेबल विक्री.कस्टमर_मास्टर फॉर सिस्टिम नेम कस्टमास्ट
(कस्टमर_नंबर फॉर कॉलम कस्टनो डेसिमल(७,०) नॉट नल,
कस्टमर_नाव फॉर कॉलम कस्टनाव एनव्हारकॅर(६०) नॉट नल डिफॉल्ट '',
प्रायमरी की (कस्टमर_नंबर))
आरसीडीएफएमटी कस्टआर

शेवटचा आरसीडीएफएमटी विसरू नका. तो नसेल तर रेकॉर्ड फॉरमॅटचं (ओळीच्या रचनेचं) नाव टेबलच्याच नावाचं होतं आणि आरपीजी कंपायलर फाइल आणि फॉरमॅट एकाच नावाचे म्हणून अडतो. प्रत्येक प्रोग्रॅममध्ये रिनेम लिहित बसण्यापेक्षा इथे एक शब्द लिहिणं बरं.

---

नवी_पालवी

धागा वेळेवर आला. दोन शंका. एक, सीआरटीलिब कमांडने बनवलेल्या लायब्ररीत टेबल केलं, सिलेक्ट चालतो, पण एम्बेडेड (प्रोग्रॅमच्या आत लिहिलेल्या) एसक्यूएलमधून इन्सर्ट केला की एसक्यूएल७००८ ही एरर. दोन, एसटीआरएसक्यूएल मध्ये (एसक्यूएल टंकून चालवायच्या स्क्रीनवर) चालणारी क्वेरी दुसऱ्या टूलमधून चालवली की एसक्यूएल०२०४ येते आणि स्कीमा म्हणून माझ्या युझर प्रोफाइलचंच नाव दाखवते.

---

रोचेस्टर_३८

दुसरी आधी, ती सोपी आहे. नेमिंग दोन तऱ्हांचं असतं. *सिस मध्ये लायब्ररी न लिहिलेलं टेबल लायब्ररी लिस्टमध्ये शोधलं जातं. *एसक्यूएल मध्ये ते तुमच्या प्रोफाइलच्या नावाच्या स्कीमात शोधलं जातं, आणि अशी स्कीमा बहुधा नसतेच. कनेक्शनमध्ये नेमिंग *सिस करा किंवा सेट स्कीमा द्या.

आता ७००८. त्याचा सेकंड लेव्हल मेसेज उघडा, रीझन कोड ३ असेल. म्हणजे तुम्ही कमिटमेंट कंट्रोलखाली (बदल नंतर एकत्र पक्के किंवा रद्द करता येतील असं) लिहू बघताय आणि टेबल जर्नल होत नाहीये. सीआरटीएसक्यूएलआरपीजीआय (एसक्यूएल असलेला आरपीजी प्रोग्रॅम कंपाइल करणारी कमांड) आणि आरयूएनएसक्यूएलएसटीएम (लिहून ठेवलेली एसक्यूएल चालवणारी) दोघांचा डिफॉल्ट कमिट(*सीएचजी) आहे, एसटीआरएसक्यूएल चा *नन, म्हणून तिथे चाललं. बरेच जण घाईने *नन करून मोकळे होतात. टेबल पैशांशी संबंधित असेल तर तसं करू नका, जर्नल लावा.

क्रिएट स्कीमा वापरलं असतं तर क्यूएसक्यूजेआरएन नावाचा जर्नल आणि पहिला रिसीव्हर आपोआप बनला असता, आणि त्या स्कीमात एसक्यूएलने केलेली टेबलं आपोआप जर्नल झाली असती. त्याच लायब्ररीत सीआरटीपीएफ या डीडीएसच्या कमांडने केलेली फाइल मात्र केवळ त्या जर्नलमुळे जर्नल होत नाही. या भरवशावर राहून बरीच जुनी-नवी मिश्र लायब्ररी अर्धी उघडी पडलेली असते.

साध्या लायब्ररीसाठी क्रम असा:

सीआरटीजेआरएनआरसीव्ही जेआरएनआरसीव्ही(जर्नलिब/विक्री०००१), थ्रेशोल्ड (रिसीव्हर केवढा झाला की बदलायचा तो आकार) द्या.
सीआरटीजेआरएन जेआरएन(जर्नलिब/विक्रीजेआरएन), एमएनजीआरसीव्ही(*सिस्टिम), डीएलटीआरसीव्ही(*नो).
एसटीआरजेआरएनपीएफ, इमेजेस(*बोथ), ओएमटीजेआरएनई(*ओपीएनसीएलओ).

इमेजेस चा डिफॉल्ट *आफ्टर आहे. तेवढ्यावर एपीवायजेआरएनसीएचजी ने (नोंदलेले बदल पुन्हा लावून) पुढे जाता येतं, पण आरएमव्हीजेआरएनसीएचजी ने (ते बदल काढून) मागे यायला बिफोर इमेज, म्हणजे बदलाआधीची ओळ, लागते. ओएमटीजेआरएनई दिलं नाही तर फाइल उघडल्या-मिटल्याची प्रत्येक नोंद रिसीव्हरमध्ये जाते आणि गर्दीच्या सिस्टिमवर डिस्क भरण्यात तिचाच वाटा मोठा असतो. पुढे नव्या फाइल्सही आपोआप पकडाव्यात म्हणून एसटीआरजेआरएनलिब लावा.

डीएलटीआरसीव्ही(*येस) केलं तर सिस्टिम जुने रिसीव्हर स्वतः पुसते, ते सेव्ह झालेत की नाही याची वाट पाहत नाही. टेस्ट लायब्ररीला ठीक आहे. लाइव्हला *नो ठेवा, आणि रोज रिसीव्हर सेव्ह करून मगच पुसायचं काम नाइट बॅचमध्ये टाका. क्रिएट स्कीमाने बनलेल्या जर्नलची सेटिंग डब्ल्यूआरकेजेआरएनए ने एकदा डोळ्याखालून घाला.

---

चाफा

तिसरा निर्णय मी लिहिते: आकार. सीआरटीपीएफ चा साइझ न देता फाइल केली तर डिफॉल्ट १०००० रेकॉर्ड, १००० ची वाढ, ३ वेळा. म्हणजे १३००० ला फाइल भरते आणि ऑपरेटरच्या क्यूएसवायएसओपीआर या मेसेज-रांगेवर सीपीए५३०५ ची विचारणा येऊन जॉब तिथेच उभा राहतो. उत्तर आय दिलं की थोडी वाढते, पुढे पुन्हा तीच विचारणा. रात्री कोणी उत्तर द्यायला नसेल तर सकाळपर्यंत बॅच अडकलेली. उपाय: फाइल कोणी उघडलेली नसताना सीएचजीपीएफ साइझ(*नोमॅक्स). एसक्यूएल टेबलला ही मर्यादा नसते, तिथे वरची सीमा एका टेबलात सुमारे ४२९ कोटी ओळींची.

मात्र *नोमॅक्स डोळे झाकून सगळीकडे नको. वर्क फाइलमध्ये लूप चुकला तर तिला थांबवणारं दुसरं काहीच नसतं. तिथे मुद्दाम मोठी पण ठरावीक मर्यादा ठेवा.

चौथा, पुसलेल्या ओळी. डीडीएस फाइलला रीयूजडीएलटी(*नो) डिफॉल्ट आहे. ओळ पुसली तरी जागा तशीच पडून राहते आणि नवी ओळ शेवटी जाते. रोज भरून रोज रिकामी होणारी फाइल यानेच फुगते. कुठे किती ते असं पाहा:

सिलेक्ट टेबल_नेम, नंबर_रोज, नंबर_डिलीटेड_रोज, डेटा_साइझ फ्रॉम क्यूएसवायएस२.सिसटेबलस्टॅट व्हेअर टेबल_स्कीमा = 'विक्री' ऑर्डर बाय नंबर_डिलीटेड_रोज डेस्क

पुसलेल्या ओळी जिवंत ओळींहून जास्त दिसल्या की आरजीझेडपीएफएम (पुसलेल्या ओळींची जागा काढून टाकणारी कमांड) लावा. साधा आरजीझेडपीएफएम फाइल पूर्ण अडवून ठेवतो आणि मध्येच थांबवता येत नाही. फाइल जर्नल होत असेल तर एएलडब्ल्यूकॅन्सल(*येस) आणि लॉक(*एसएचआरयूपीडी) देऊन लोक काम करत असतानाही चालवता येतो, हळू चालतो पण चालतो. जर्नलचा हा आणखी एक फायदा.

---

लायब्ररीलिस्ट

चाफा, रीयूजडीएलटी(*येस) सरसकट करायला माझा विरोध आहे. जुने प्रोग्रॅम की न वापरता आगमनाच्या क्रमाने वाचतात. *येस केलं की नवी ओळ जुन्या भोकात जाऊन बसते आणि "शेवटची ओळ म्हणजे नवीन" हे गृहीत कोलमडतं. आरआरएन (ओळीचा फाइलमधला जागा-क्रमांक) साठवून ठेवणारे प्रोग्रॅम तर आरजीझेडपीएफएम नंतरही चुकतात.

---

चाफा

मान्य. डीएसपीपीजीएमआरईएफ ने ती फाइल वापरणारे प्रोग्रॅम काढा, त्यांत की शिवाय उघडलेली आहे का ते पाहा, मगच बदला. नव्या एसक्यूएल टेबलला *येस असतंच, म्हणून तिथे क्रम हवा असेल तर आयडेंटिटी कॉलम किंवा टाइमस्टॅम्प ठेवून ऑर्डर बाय लिहायचं. क्रम डेटात असायला हवा, जागेत नाही.

---

नवी_पालवी

चालू फाइलमध्ये एक कॉलम वाढवायचा आहे. फाइल डीडीएसची, वापरणारे प्रोग्रॅम दोनशेच्या वर. सगळे रीकंपाइल करायचे? काही जण लेव्हलचेक(*नो) करा म्हणतात.

---

हिरवापडदा

लेव्हलचेक(*नो) करू नका. प्रत्येक रेकॉर्ड फॉरमॅटला १३ अक्षरांचा लेव्हल आयडेंटिफायर असतो, तो फॉरमॅटचं नाव, फील्डची नावं, क्रम, लांबी, प्रकार यांवरून बनतो. प्रोग्रॅम कंपाइल होताना तो आत साठवला जातो. जुळला नाही की उघडतानाच सीपीएफ४१३१. तपासणी बंद केली की प्रोग्रॅम उघडतो, पण त्याच्या बफरचा नकाशा जुनाच असतो. नवा कॉलम अधेमधे घातला असेल तर रकमेच्या जागी तारखेचे बाइट वाचले जातात आणि तेच परत लिहिलेही जातात. एरर न येता बिघडलेला डेटा शोधून दुरुस्त करणं फार अवघड. सीपीएफ४१३१ येणं कितीतरी चांगलं.

बरोबर मार्ग दोन आहेत. प्रोग्रॅम थोडे असतील तर डीडीएसचा सोर्स बदलून सीएचजीपीएफ ला एसआरसीफाइल द्या. डेटा तसाच राहतो, लॉजिकल फाइल्स सांभाळल्या जातात, आणि मग डीएसपीपीजीएमआरईएफ च्या यादीप्रमाणे रीकंपाइल. दोनशे प्रोग्रॅमसाठी मात्र हा मार्ग घ्या:

आधी डीएसपीएफडी ने जुन्या फाइलचा फॉरमॅट लेव्हल आयडेंटिफायर आणि डीएसपीडीबीआर ने तिच्यावरच्या लॉजिकल फाइल्सची यादी टिपून ठेवा. क्यूएसवायएस२.जनरेट_एसक्यूएल ने फाइलची एसक्यूएल व्याख्या काढा, तिला नवं नाव द्या, नवे कॉलम जोडा आणि टेबल बनवा. डेटा नव्या टेबलात न्या. जुनी फिजिकल फाइल बाजूला करा आणि तिच्याच नावाने एक लॉजिकल फाइल नव्या टेबलवर बनवा, तोच फॉरमॅट, तीच फील्ड, तोच क्रम, तीच की. बाकीच्या लॉजिकल फाइल्सही नव्या टेबलवर याच पद्धतीने. पुन्हा डीएसपीएफडी घ्या. आयडेंटिफायर तोच आला तर एकही प्रोग्रॅम रीकंपाइल करावा लागत नाही. वेगळा आला तर फील्ड कुठेतरी चुकलंय, तिथेच थांबा.

नवे कॉलम नॉट नल विथ डिफॉल्ट ठेवा. जुना प्रोग्रॅम लॉजिकलमधून ओळ लिहील तेव्हा त्याला न दिसणारे कॉलम डिफॉल्टने भरतील.

डेटा नव्या टेबलात नेताना जुनी घाण वर येते. डीडीएस फाइलमध्ये लपलेले चुकीचे पॅक्ड आकडे एसक्यूएल टेबल घेणार नाही. म्हणून कॉपी आधी टेस्टवर पूर्ण डेटासह करा आणि दुरुस्तीला वेळ राखून ठेवा. नियोजनात हाच वेळ सगळ्यात कमी धरला जातो.

---

रोचेस्टर_३८

एसक्यूएल टेबल नंतर ऑल्टर करतानाच्या दोन अडचणी. ऑल्टर टेबलला पूर्ण लॉक लागतो. डब्ल्यूआरकेओबीजेएलसीके मध्ये (लॉक कोणाचे ते दाखवणाऱ्या कमांडमध्ये) बहुधा क्यूयूएसआरडब्ल्यूआरके सबसिस्टिममधले क्यूझेडडीएएसओआयएनआयटी जॉब दिसतात. ते ओडीबीसी-जेडीबीसीचे, म्हणजे बाहेरच्या प्रोग्रॅमच्या जोडणीचे, सर्व्हर जॉब. क्वेरी संपली तरी कर्सर अर्धवट बंद करून ठेवतात, पुढच्या वेळी लवकर उघडावा म्हणून, आणि लॉक उरतो. जॉब मारायच्या आधी एएलसीओबीजे ला कॉन्फ्लिक्ट(*आरक्यूएसआरएलएस) देऊन पाहा. सिस्टिम त्या जॉबना लॉक सोडायला सांगते, आणि अर्धवट बंद कर्सर असेल तर तो सुटतो.

दुसरी: कॉलम काढताना किंवा लहान करताना सीपीए३२बी२ ही "डेटा जाऊ शकतो" अशी विचारणा येते. स्क्रीनवर आय देऊन पुढे जाता येतं. जेडीबीसीतून चालवलं तर उत्तर द्यायला कोणी नसतं आणि ऑल्टर एसक्यूएल०९५२, रीझन कोड १० देऊन रद्द होतो. ॲडआरपीवायएलई ने या मेसेजला आय हे उत्तर नोंदवा आणि त्या जॉबपुरतं सीएचजीजॉब आयएनक्यूएमएसजीआरपीवाय(*सिसआरपीवायएल) करा. काम झालं की नोंद काढून टाका. ती विचारणा दुसऱ्या कोणाला वाचवण्यासाठीच असते.

---

कृष्णाकाठ

इंडेक्सबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. इथे रनस्टॅट्स शोधू नका. आकडेवारी सिस्टिम स्वतः गोळा करते, क्यूडीबीएफएसटीसीसीओएल ही सिस्टिम व्हॅल्यू *ऑल असली की झालं.

कोणता इंडेक्स हवा याचा सिस्टिमचा सल्ला क्यूएसवायएस२.सिसआयएक्सएडीव्ही मध्ये साठतो. टाइम्स_ॲडव्हाइज्ड वर उतरत्या क्रमाने लावा, पण सगळे सल्ले अमलात आणू नका. एकाच टेबलासाठी दहा सल्ले असतात आणि त्यांतले सहा एका रुंद इंडेक्सने भागतात. कीमध्ये बरोबर-चिन्हाने तुलना होणारे कॉलम आधी, मग पल्ल्याचा कॉलम. शाखा = ? आणि तारीख बिटवीन असेल तर शाखा, तारीख हा क्रम. उलटा लावलात तर पूर्ण तारखांचा पट्टा वाचून मग शाखा गाळली जाते.

एमटीआय_यूज्ड मोठा दिसला तर सिस्टिम स्वतःच तात्पुरता इंडेक्स बनवून चालवतेय. तो आयपीएल (मशीन रीस्टार्ट) झाला की जातो, प्लॅन कॅशही (क्वेरी कशा चालवायच्या याच्या साठवलेल्या योजना) जातो. "रविवारी आयपीएल केला की सोमवारी सकाळी मशीन मंद" या तक्रारीचं मूळ पुष्कळदा हेच. तसा कायमचा इंडेक्स बनवा. आयपीएलआधी प्लॅन कॅशचा स्नॅपशॉट ॲक्सेस क्लायंट सोल्यूशन्स या आयबीएमच्या पीसीवरच्या टूलमधून काढून ठेवला की तुलनेला हाताशी राहतो.

इंडेक्स काढण्याआधी सिसइंडेक्सस्टॅट मधले लास्ट_क्वेरी_यूज आणि लास्ट_स्टॅटिस्टिक्स_यूज दोन्ही पाहा. क्वेरीत न वापरलेला इंडेक्सही ऑप्टिमायझरला अंदाजासाठी उपयोगी पडत असतो. वर्षअखेरीचं काम होऊन जाईपर्यंत थांबा. आणि एसक्यूएलमध्ये फ्रॉम च्या पुढे लॉजिकल फाइलचं नाव लिहू नका, मूळ टेबल लिहा. इंडेक्स निवडणं ऑप्टिमायझरचं काम आहे.

---

रानजाई

मराठी नावं-पत्ते साठवायचे असतील तर सीसीएसआयडी (मजकूर कोणत्या अक्षरसंचात साठवायचा तो क्रमांक) आधीच ठरवा. सीसीएसआयडी ३७ च्या कॉलममध्ये देवनागरी बसतच नाही, प्रत्येक अक्षराच्या जागी बदली चिन्ह येतं आणि मूळ मजकूर कायमचा जातो. ६५५३५ म्हणजे "रूपांतर करू नकोस". तोच क्यूसीसीएसआयडी या सिस्टिम व्हॅल्यूचा मूळ डिफॉल्ट आहे, आणि बाहेरच्या प्रोग्रॅमला मजकुराऐवजी हेक्स दिसण्याचं कारणही तोच.

युनिकोडमध्ये दोन पर्याय. व्हारकॅर(३०) सीसीएसआयडी १२०८ म्हणजे यूटीएफ-८, इथे ३० हे बाइट आहेत. देवनागरीच्या प्रत्येक कोडला ३ बाइट. "ज्ञानेश्वर" मध्ये ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र असे १० कोड, म्हणजे ३० बाइट, काठोकाठ. "ज्ञानेश्वरी" बसणार नाही. एनव्हारकॅर(३०) म्हणजे यूटीएफ-१६, तिथे ३० जागा मिळतात. म्हणून हिरवापडदा यांनी वर एनव्हारकॅर घेतलंय ते योग्य.

क्रमवारीही तपासा. *हेक्स क्रमात (अक्षरांच्या कोडच्या क्रमात) ळ हा ल च्या लगेच नंतर येतो, आपल्या वर्णमालेसारखा ह नंतर नाही. नावांची यादी छापणार असाल तर याची सोय वेगळी करावी लागते.

---

लायब्ररीलिस्ट

जुन्या तारखांबद्दल भर. ७ अंकी तारीख दिसली तर ती सीवायवायएमएमडीडी आहे: १२५०३१५ म्हणजे १५ मार्च २०२५, पहिला अंक ० असेल तर १९०० चं शतक. खऱ्या डेट कॉलममध्ये नेताना जॉबचा डेट फॉरमॅट *आयएसओ ठेवा. *वायएमडी, *डीएमवाय यांसारख्या दोन अंकी वर्षाच्या फॉरमॅटमध्ये १९४० ते २०३९ एवढाच पल्ला बसतो. १९३८ ची जन्मतारीख किंवा २०४५ ला संपणारं कर्ज आलं की मॅपिंग एरर.

---

नवी_पालवी

टेस्ट लायब्ररी कशी बनवता? सीआरटीडीयूपीओबीजे ने (ऑब्जेक्टची प्रत काढणाऱ्या कमांडने) एकेक फाइल आणली तर चालेल?

---

कृष्णाकाठ

चालेल, पण फिजिकल आधी, लॉजिकल नंतर, आणि दोन्ही मुळात एकाच लायब्ररीत असतील तरच. नवी फिजिकल टेस्ट लायब्ररीत नसताना लॉजिकलची प्रत काढली तर ती प्रत लाइव्हच्याच फिजिकलकडे बोट दाखवते. टेस्टमध्ये बसून पुसलेली ओळ लाइव्हमधून जाते. प्रत काढल्यावर प्रत्येक लॉजिकलला डीएसपीएफडी लावा आणि "बेस्ड ऑन फाइल" समोरची लायब्ररी वाचा. व्ह्यू आणि ट्रिगरमध्ये लायब्ररीचं नाव कोरलेलं असतं, ते पुन्हा बनवलेलेच बरे. आयडेंटिटी कॉलम असेल तर डेटा भरल्यावर ऑल्टर कॉलम रीस्टार्ट विथ देऊन आकडा पुढे सरकवा, नाहीतर पहिल्याच इन्सर्टला डुप्लिकेट की.

घरी सराव करायचा असेल तर पब४००.कॉम वर मोफत खातं मिळतं, तिथे आपल्या लायब्ररीत हे सगळं करून पाहता येतं. लाइव्हचा डेटा मात्र तिकडे नेऊ नका.

---

रोचेस्टर_३८

बॅकअपचं राहिलं. एसएव्हीलिब ला एसएव्हीएसीटी(*सिंकलिब) आणि एसीसीपीटीएच(*येस) द्या. ॲक्सेस पाथ सेव्ह केले नाहीत तर रीस्टोअरनंतर सगळे इंडेक्स नव्याने बांधले जातात आणि मोठ्या टेबलावर त्यात तास जातात. नंतर जॉबलॉग वाचा. सीपीएफ३७७१ असेल तर काही ऑब्जेक्ट लॉकमुळे सेव्हच झालेले नाहीत, आणि लॉक असलेली फाइल बहुधा सगळ्यात जास्त वापरातली असते.

रीस्टोअरचा क्रम: जर्नलची लायब्ररी आधी, मग फिजिकल फाइल्सची, मग लॉजिकलची, शेवटी रिसीव्हर. जर्नल नसताना फाइल आली तर ती जर्नल न होताच उभी राहते आणि कोणी ओरडत नाही. फिजिकल नसताना लॉजिकल येतच नाही. रेफरन्शियल कन्स्ट्रेंट (एका टेबलातली की दुसऱ्यात असायलाच हवी असा नियम) असलेली टेबलं आली की डब्ल्यूआरकेपीएफसीएसटी उघडा. चेक पेंडिंग (नियमाची तपासणी बाकी) दिसलं तर डीएसपीसीपीसीएसटी ने कोणत्या ओळी अनाथ आहेत ते पाहा, त्या दुरुस्त करा, मग कन्स्ट्रेंट सुरू करा. ही सगळी तालीम वेगळ्या लायब्ररीत, वर्षातून निदान एकदा तरी, शेवटच्या रिसीव्हरच्या एपीवायजेआरएनसीएचजी पर्यंत करा.